शेंदरी डब्यातली गर्मी

सव्वासात झाले की अख्खं गाव देवीच्या कमानीखाली. लोह्याकडून जीपा भरून यायल्या, उमरीकडून टेंपो. माणसं अशी दाटून उभी की खिशातला मोबाईल काढायला कोपर हलवता येईना. कमानीवर तीन हजार दाण्यांची, म्हणजे बारक्या दिव्यांची, लायटिंग. मोर नाचायचा, कमळ उमलायचं, मग देवीचे डोळे उघडायचे. पण मोराकडं कोन बघतो? सगळ्यांची नजर घड्याळावर.

आठला पाच कमी. मोर अर्ध्यातच मेला. कमान काळीठिक्कर.

"रुसली! रुसली माय!" बायांनी पदर पसरले.

कमानीच्या खांबाला छातीइतक्या उंचीवर लोखंडी डबा होता. शेंदरी रंग दिलेला, वर पितळी त्रिशूळ. त्याच्यापुढच्या कट्ट्यावरून शीतळबाबा उठला. पोट पुढं, आवाज त्याच्याबी पुढं.

"तेज तापलंऽऽ! पापी नजरेनं तापलं! तेज तापलं की शक्ती रुसती! शीतळ हो माय, शीतळ हो!"

डब्यावर ओलं फडकं टाकलं, तांब्यानं पाणी शिंपलं, लिंबाच्या डहाळीनं वारा घातला. तोंडानं पुटपुट चालू, त्यात र्‍हीम-र्‍हूम जास्त आन् अर्थ कमी. अकरा मिनिटं गेली. टिक्! कमान पेटली, देवीनं डोळे उघडले. असा गलका उठला की लिंबावरचे कावळे उडाले.

सगळ्यात मागं अजीजभाई मान खाली घालून उभा होता. लोह्याचा डेकोरेशनवाला. ही लायटिंग त्याची, हा डबा त्याचा. आन् हा चमत्कारबी, खरं सांगायचं तर, त्यानंच केलेला.

झालं असं. मागल्या वर्षी जत्रेत अवकाळी आला. अजीजभाईनं लायटिंगची मशीन ताडपत्रीत गुंडाळून ठेवली होती, तिच्यात पाणी गेलं, आन् मोराच्या जागी नुसते ठिपके उड्या मारायले. वर्षभर पोरं चिडवायची, "अजीजभाई, तुमचा मोर न्हाला का?" म्हणून औंदा तो नांदेडला डबा घ्यायला गेला. दुकानदारानं वर उतरतं छप्पर असलेला डबा दाखवला. खालून जाळी, तारा घालायला भोकं बी खालीच. म्हणला, "भाई, पाणी आत जाऊ नये हे बरोबर, पण गर्मी बाहेर बी निघाली पाहिजे. आत पॉवर सप्लाय हाय, त्याला दम घ्यायला लागतो."

अजीजभाईला गर्मी दिसेना, पाणीच दिसायलं. त्यानं चहूबाजूंनी रबराची पट्टी लावलेला बंद लोखंडी डबा घेतला, उरलेल्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. "आता मुंगी बी शिरत न्हाई," म्हणला. डबा लावला पश्चिमेच्या खांबाला. दिवसभर चैताचं ऊन खायचा तो, संध्याकाळी वरून तीन हजार दाण्यांचा लोड. आतला सप्लाय तापला की जळू नये म्हणून आपलाआप बंद पडायचा. निवला की आपलाआप चालू. बस, एवढंच तेज.

हे कळायला दहावी पास व्हावं लागत न्हाई.

अजीजभाईनं पहिल्याच दिवशी केरबाला सांगितलं होतं. केरबा देवस्थान कमिटीचा अध्यक्ष, तीस वर्षांचा दोस्त.

"केरबा, माझी गलती झाली. डबा चुकला. दोन दिवसांत बदलून देतो."

"चुकला न्हाई भाई, देवीनं चुकविला. तुझ्या हातून करून घेतलं." मग केरबा हळूच म्हणला, "आन् दुसऱ्यांपुढं बोलू नको. मी बोललो तर नास्तिक म्हनतील. तू बोलला तर काय म्हनतील, तुला म्हाईत हाय."

अजीजभाईला म्हाईत होतं. गप बसला. पंधरा दिवस गप बसला. केरबानं डबाबी बदलू दिला न्हाई.

त्यात केरबाची नात, मुक्ता. नऊ वर्षांची. तिला आकडी यायची. नांदेडच्या दवाखान्याची गोळी दोन वर्षं चालू होती, बरं चाललेलं. बाबा म्हणला, "गोळीची गर्मी आन् देवीचं तेज एका अंगात मावत न्हाई. गोळी बंद!" हातात ओला दोरा बांधला. पंधरा दिवसांत पोरीला तीनदा आकडी आली.

"आजार निघून राहिला," बाबा म्हणला, "म्हनून दिसून राहिला!"

येत्या मंगळवारी पोरीनं ओल्या अंगानं डब्याला मिठी मारायची, वरून एकवीस घागरी पाणी. मग आजार कायमचा जाणार.

अजीजभाईनं मंगळवारी दुपारी डबा जवळून बघितला. त्रिशूळ बसवायला बाबाच्या पोरांनी झाकणात आरपार स्क्रू मारला होता. रबर गेलं, लांबी गेली, रोजचं पाणी सरळ आत. डब्यात उतरलेला करंट जमिनीत सोडणारी अर्थिंगची हिरवी तार बाबाच्या कट्ट्यात येत होती, ती कट्टा बांधताना तोडलेली.

"डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात गा," रांगेतली एक म्हातारी कौतुकानं सांगायली. "शक्तीच हाय."

अजीजभाईनं तनुजाला फोन लावला. तनुजा गावची वायरमन, वीज कंपनीतली. जिभेनं तिखट. आली, सगळ्यांपुढं डब्याला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लाल झाला.

"हे बघा! डब्यात करंट उतरलाय! दूर व्हा, मरताल!"

बाबानं डोळे मोठे केले. हात वर. "बघा लेकरांनो! सरकारच्या यंत्रानं बी तेज दाखिवलं!"

जयजयकार. एक जण तर टेस्टरच्या पाया पडला.

"अहो करंट हाय, करंट!" तनुजा ओरडायली. "बाबा, तुमची अक्कल पेंड खायला गेली का?"

"माय, तुझी भाषा तापली," बाबा हसला. "शीतळ हो."

लोक हसले. तनुजाचे डोळे भरून आले. तिनं अजीजभाईकडं बघितलं, अजीजभाईनं जमिनीकडं. दोघं शहाणी, आन् दोघांचंबी कोणी ऐकेना.

संध्याकाळी मुक्ताला आणलं. केस ओले, परकर ओला, दात वाजायलेले. केरबानं तिचा हात धरलेला. आठला पाच कमी होते, कमान विझली. पहिली घागर उचलली.

कमान विझली तरी बोर्डातून येणारा करंट डब्यात होताच. पाणी पडलं की पोरगी त्या करंटच्या मिठीत.

अजीजभाई पळाला. आयुष्यात पहिल्यांदा देवळाच्या मागच्या बोर्डापर्यंत इतक्या जोरात पळाला. फ्यूज उपटला, खिशात टाकला, परत आला आन् डब्याच्या पुढं आडवा उभा राहिला.

"आता अकरा काय, अकराशे मिनिटं थांबा. लागत न्हाई लाईट. फ्यूज माझ्या खिशात हाय."

एका क्षणात गर्दी उलटली. "ह्यानं विझविली!" "ह्याला काय करायचं आमच्या देवीत?" कोणीतरी कॉलर धरली.

"केरबा!" अजीजभाई ओरडला. "तुझ्या विहिरीवरची मोटर तापून बंद पडती. तू काय करतो? दर उन्हाळ्यात काय करतो?"

केरबानं मुक्ताचा हात घट्ट धरला.

"बोल की! ओला बारदाना टाकतो का न्हाई? दहा मिनिटांनी चालू होती का न्हाई? तवा कोणता मंतर म्हनतो?"

गर्दीत चुळबुळ झाली. ओला बारदाना न टाकलेला शेतकरी त्या गर्दीत एकबी नव्हता.

तनुजानं टेस्टर लावला. आता दिवा लागला न्हाई. तिनं झाकण खोललं. आतून भट्टीसारखी वाफ आली, तळाला बोटभर पाणी, आन् त्रिशूळाचा स्क्रू बोर्डातून येणाऱ्या करंटच्या लाल तारेत घुसलेला.

"घाला हात, बघा तेज," ती म्हणली. "आन् केरबाकाका, ह्या करंटला तुमची नात मिठी मारणार होती."

केरबानं आत बघितलं. मग पोरीला उपरण्यात गुंडाळून उचललं आन् कुणाकडं न बघता घराकडं निघाला.

बाबा म्हणला, "मोटर येगळी, देवी येगळी!" आन् काय सांगावं, निम्म्या लोकांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी अजीजभाईनं जाळीचा, छपराचा डबा बसवला, अर्थिंग नवी ओढली. लायटिंग पाच तास चालली, एकदाबी विझली न्हाई. म्हणून बघायला कोणी आलं न्हाई.

जुना डबा बाबाच्या पोरांनी कट्ट्यावर ठेवला. रांग आजबी लागती. अजीजभाई येता-जाता बघतो. रिकामा हाय, करंट न्हाई, एवढ्यावरच तो समाधान मानतो.

महिन्यानं केरबा लोह्याला दुकानात आला. "मुक्ताची गोळी चालू केली," म्हणला. "आकडी थांबली."

"बरं झालं. मग दोरा तोड आता."

"ऱ्हाऊ दे भाई. घरच्या म्हनून राहिल्या, दोऱ्यानंच थांबली."

अजीजभाईनं दोऱ्याचा विषय सोडला. बोलून काय होतं, हे त्यानं बघितलं होतं.

पण तुम्ही तरी आइका. तुमच्या गावात काही आपलाआप विझलं, आपलाआप पेटलं, तर हात जोडायच्या आधी झाकण खोला. आन् झाकण खोलायच्या आधी फ्यूज काढा. डब्याला हात लावून झिणझिण्या आल्या तर ती शक्ती नसती, मरण असतं. आन् लेकराची गोळी बंद करा म्हणणारा कोणीबी असो, त्याला एकच विचारा: बाबा, पुढच्या आकडीला तुम्ही येताल का?