बाईछाप मसाल्याची बाई

खमंगाई मसाल्याच्या पाकिटावर आठ वर्षांनी बाई परत आली आणि सगळ्या संभाजीनगरात एकच चर्चा सुरू झाली, ही चूक की नाटक? कंपनीने बाईला कधीच रजा देऊन हिरवं पान घेतलं होतं. जुन्या ट्रेडमार्कची नोंदणीही संपू दिली होती. आणि आता पंचवीस हजार पाकिटं त्याच बाईची निघाली, शेजारी 'नोंदणीकृत ट्रेडमार्क' असं ऐटीत छापलेलं. कंपनीने पेपरात माफी मागितली, माल मात्र बाजारातून उचलला नाही. मग लोक बोलणारच. गुलमंडीवर एका चहाच्या टपरीपाशी तर यावरून दोघांची चांगलीच जुंपली.

तिथेच चहा पीत बसलेल्या बद्रीनाथ पेंटरला मनापासून वाटत होतं, हे नाटकच असावं. चूक असली तर ती सुधारणार आणि बाई पुन्हा जाणार. नाटक असलं तर ती राहील.

तो चेहरा त्यानेच काढला होता, छत्तीस वर्षांपूर्वी, दुकानांच्या पाट्या रंगवत फिरायचा तेव्हा. कंपनी म्हणजे त्या वेळी पडेगावातलं एक पत्र्याचं शेड. तिथे मिरच्या निवडायला रूपा यायची. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे दोनच ठिपके होते. तिसऱ्याच्या वेळी ती गोंदणारणीच्या हातून सुटून पळाली होती, हे तिनेच हसत हसत सांगितलं होतं. बद्रीनाथ नुसता ऐकत राहिला. जे विचारायचं ते विचारायला या गृहस्थाने इतका वेळ लावला की तोवर अजिंठ्याचं स्थळ येऊन लग्न ठरलंसुद्धा. ती गेल्यावर महिन्याभराने मालक काकासाहेबांनी त्याला पाकिटासाठी एक बाई काढायला सांगितली. चित्र बघून म्हणाले, "अरे, ठिपके तीन असतात." बद्रीनाथने तिसरा काही काढला नाही.

पुढे अठ्ठावीस वर्षं ती दर किराणा दुकानात भेटायची. लग्न का केलं नाही, असं विचारणारे हळूहळू थकले. पाकिटावरून ती गेली तेव्हा त्याला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं, आणि ते सांगायला घरात माणूस नव्हतं. जपून ठेवलेली दोन पाकिटं उंदरांनी कुरतडली.

शेवटी न राहवून तो पडेगावच्या कारखान्यात गेला. आता सगळा कारभार काकासाहेबांची नात तनुजा बघते. नाव ऐकताच ती उठून उभी राहिली.

"काका, बरं झालं आलात. आम्ही तुम्हालाच शोधत होतो."

"ताई, एवढंच सांगा. ही चूक व्हती का मुद्दाम केलं?"

तनुजाने दार लोटलं. "मुद्दाम. ते 'नोंदणीकृत' तेवढं चुकून छापलं गेलं. पण खप बघा! आता बाई कायम ठेवायची. नव्याने नोंदणी करतोय."

बद्रीनाथचे डोळे भरून आले.

"फक्त तुमची एक सही लागेल." तिने कागद पुढे केला. "हा चेहरा काल्पनिक आहे, कुणा खऱ्या बाईचा नाही, एवढंच. खऱ्या बाईचा असला तर तिची संमती घ्या, वकील बघा. आजोबा म्हणतात, त्यापेक्षा पानच बरं."

त्याने पेन घेतलं. छत्तीस वर्षं गप्प राहून तो हेच तर सांगत आला होता. एका सहीने काय बिघडणार होतं?

"तेवढं एक प्रकरणही मिटेल," तनुजा म्हणाली. "अजिंठ्याहून मेघा नावाच्या एका मुलीचे तीन फोन आले. तिचे वडील होते तोवर आईने म्हणे बाईछाप मसाला घरात येऊच दिला नाही. ते दोन वर्षांपूर्वी गेले. परवा आईने स्वतः पाकीट आणलं आणि हातात घेऊन रडत बसली. काही सांगत नाही. एवढंच विचार म्हणते, काढणाऱ्यानं कुणाला बघून काढलं. आता कळवून टाकू, कुणालाच नाही म्हणून."

बद्रीनाथचा हात थांबला. म्हणजे रूपाने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. इतकी वर्षं दोघं एकाच चेहऱ्यापाशी गप्प बसून होती, तो इथे आणि ती तिथे.

त्याने पेनला टोपण लावलं. "ही सही नाय व्हायची माझ्याच्यानं."

"अहो काका, मग बाई जाईल! पुन्हा पान येईल."

"येऊ द्या." उद्यापासूनची तिच्याशिवायची सगळी दुकानं त्याच्या डोळ्यांपुढे आली. "त्या पोरीला फोन लावा, ताई. म्हणावं, तुझ्या आईचाच चेहरा हाय. अन् तिला सांग म्हणावं, बघून नाय काढला. ती गेल्यावर काढला."