पन्नास वर्षं उजव्या बाजूला

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी चालेल. माझ्यावर पन्नास वर्षं एक माणूस बसलाय, तेवढं पुरे आहे मला.

मी एक जुना पाटा आहे, म्हणजे गाडीची स्प्रिंग. सहा पोलादी पट्ट्या एकीखाली एक रचून होडीसारख्या वाकवलेल्या, एका हिरव्या, बसक्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकावर. मी उजवीकडचा. डावीकडे माझा जुळा भाऊ. गाडी चालवणारा उजवीकडे बसतो हे नीट लक्षात ठेवा, कारण माझा सगळा संताप तिथेच साठलेला आहे.

१९६४ साली कॉव्हेंट्रीजवळच्या एका कारखान्यात आमचा जन्म झाला. आम्हाला लालबुंद होईपर्यंत भाजलं, वाकवलं आणि चर्रकन तेलात बुडवलं. तुमच्यापैकी कोणाला असं केलं असतं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. मी हूं की चूं केलं नाही. भाऊ मात्र तेव्हाही कुरकुरला.

सात वर्षांनी नॉरिस टिडमार्शने गाडी घेतली. हा फिटर. त्याची बायको एनिड त्याच्याच कारखान्यात तयार मालाची तपासणी करायची. तिच्या टेबलावरून वाकडा खिळासुद्धा पुढे सरकत नसे. लग्न लागल्यावर दोघं थेट बारमथच्या समुद्रावर गेली, याच गाडीतून. तेव्हा नॉरिस सत्तर किलोंचा होता. मग त्याला डुकराचं मटण भरलेल्या ‘पाय’ नावाच्या पेस्ट्रीची आणि बिअरची गोडी लागली आणि तो एकशे दहा किलोंचा झाला. हे वाढीव चाळीस किलो कोणाच्या डोक्यावर आले? डाव्या बाजूला एनिड, चिमणीएवढी. तीही निम्म्या वेळेला घरीच. माझा भाऊ पन्नास वर्षं नुसता झोपा काढत होता, झोपा!

पराक्रम म्हणाल तर तोही माझाच. त्र्याहत्तर साली कालव्यावरच्या उंटपाठी पुलावर नॉरिसने गाडी अशी हाणली, आणि मी खालून असा जोर लावला, की गाडी पुलावरून उडून कालव्यातल्या लांबलचक बोटीच्या वरून गेली. बोटीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने वर बघून आम्हाला हात केला. तिचा एक लोकरी मोजा आमच्या धुराच्या नळीला अडकून घरापर्यंत आला. नॉरिसने कौतुक कोणाचं केलं? इंजिनाचं!

थंडीत इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलात कालवून नॉरिसने मला वर्षानुवर्षं चारलं. रविवारी धुवायचा कोणाला? बॉनेटला. पुसायचा कोणाला? आरशांना. चाळिशी उलटलेल्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही असं कळलं, तेव्हा त्याने एनिडला उचलून गरकन फिरवलं. खाली वाकून बघण्याचीही सक्ती संपली, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली. गंजून माझ्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. खड्डा आला की मी लवत नसे, नुसता ठोकत असे. आणि त्यावर लोक म्हणायचे, “काय छान जुनी गाडी आहे!” माझा जळफळाट व्हायचा.

मग लग्नाला पन्नास वर्षं होत आली. एनिडचा खुबा नुकताच बदलला होता. नॉरिस म्हणाला, “बारमथला जाऊ या. याच गाडीतून.”

“जाऊ या की,” एनिड म्हणाली. “पण वाटेत एक जरी दणका बसला ना, तर गाडी विकायची. तो काचेच्या हॉलवाला मागतोच आहे.”

हा काचेच्या हॉलवाला जुन्या गाड्या विकत घेऊन दिव्याखाली उभ्या करतो. चाक म्हणून हलत नाही. पाट्याला यापेक्षा वाईट मरण नाही, मित्रांनो.

“विकीन,” नॉरिस म्हणाला.

“तोंडाने नको. हात पुढे कर.”

हात मिळवला गेला. नॉरिसने गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, मागची चाकं काढली आणि आम्हाला सोडवायला घेतलं. गंजलेले बोल्ट तापवले, ठोकले, त्यांना आईबहिणीवरून शिव्या दिल्या. दोन दिवसांनी आम्ही दोघं भाऊ बाकावर शेजारी शेजारी पडलो. मी अजून छान होडीसारखा. भाऊ पार चपटा. झोपून झोपून दुसरं काय होणार! एनिडने मोजपट्टी लावून आम्हाला मोजलं, त्या चपट्याकडे बोट दाखवलं आणि नॉरिसच्या कानात काहीतरी कुजबुजली. काय ते मला ऐकू आलं नाही. वायरब्रशचा फार आवाज होता.

गंज खरवडला, पट्ट्यांमध्ये ग्रीस भरलं, टोकांच्या भोकांत, बोल्टांभोवती, नवे रबरी बुश घातले. इथवर ठीक. पण मग त्याने मला काळ्या चकचकीत रंगाचे तीन हात दिले. अंगात दुखतंय आणि वैद्य पावडर लावतोय! आणि रंग वाळल्यावर त्याने खरा घोळ घातला. गाडी ठोकळ्यांवर, चाकं लोंबकळताहेत, आणि हा बुशांचे बोल्ट करकचून आवळतोय! तुम्हाला सांगतो, बुशाचं रबर ज्या स्थितीत आवळाल ती धरून ठेवतं. लोंबकळताना आवळलं, तर गाडी खाली उतरल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं.

एनिड चहा घेऊन आली. “चाकं हवेत असताना आवळतोयस?”

“पंचेचाळीस वर्षं फिटर होतो मी.”

“आणि मी पंचेचाळीस वर्षं फिटरांच्या चुका वेचत होते.”

“चहा ठेव आणि जा, म्हातारे.”

गेली ती. मी ओरडत होतो, पण पाट्याचं ऐकतो कोण?

रविवारी चाचणी झाली. पिळलेल्या रबरामुळे गाडीचा मागचा भाग अंड्यावरून उठलेल्या कोंबडीसारखा वर. त्याच उंटपाठी पुलावर मी अशी लाथ झाडली, की एनिडची टोपी छताला लागली. मी मुद्दाम झाडली नाही. झाडली असती तरी कोणी दोष दिला नसता.

एनिडने गाडी थांबवायला लावली, काठी घेतली आणि खाली उतरून घराकडे चालू लागली. नॉरिस बैलगाडीच्या वेगाने तिच्या मागून.

“एनिड, बस ना गं.”

“गाढवावर बसेन. घरी गेल्यावर त्या हॉलवाल्याला फोन कर.”

मैलभर ती चालली. तीन दिवस बोलली नाही. नॉरिस फोन उचलायचा आणि ठेवायचा. चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. डोळे लाल.

“तुझं बरोबर होतं.”

“मोठ्याने.”

“तुझं बरोबर होतं!”

“शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे.”

कुंपणापलीकडून प्रोबर्ट खाटकाचा आवाज आला, “ऐकलं मी! लिहून घेऊ का?”

“दात काढू नकोस,” नॉरिस ओरडला. “इकडे ये. वजन हवंय मला!”

या वेळी गाडी चाकांवरच उभी ठेवून गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेतली. नॉरिसच्या जागी तेवढाच जाडा प्रोबर्ट, शेजारी एनिड, मांडीवर विणकाम. नॉरिस खड्ड्यात उतरला आणि सगळे बोल्ट सैल केले. हुश्श! माझ्या अंगातला पीळ सुटला.

“आता आवळ,” वरून एनिड म्हणाली. “आणि प्रोबर्ट, तू हसू नकोस. गाडी हलते.”

तर मित्रांनो, आज आम्ही बारमथला उभे आहोत. एकशे वीस मैल आलो, पण एनिडचा एक टाकासुद्धा सुईवरून सुटला नाही. दोघं आत बसून समुद्राकडे बघत तळलेला मासा खाताहेत. तिने आपल्या पुड्यातले बटाटे त्याच्या पुड्यात ओतले. प्रेम म्हणे! ते वजन कोणावर आलं, विचारा की!

म्हणून डोळे वटारून सांगतो, जुन्या वस्तूला रंग फासण्याआधी खाली वाकून तिचं दुखणं बघा. जो तुमचा भार वाहतो, त्याला वर्षातून एकदा तरी धुवा. आणि पन्नास वर्षं एकाच खांद्यावर ओझं देऊ नका. माझी पाठ बघा, या उजव्या बाजूला पन्नास वर्षं…

“खोटं!” डावीकडून माझा चपटा भाऊ ओरडला. “धादांत खोटं! मित्रांनो, पुलाखाली बोट नव्हती. एक बदक होतं, तेही वेळेवर बाजूला झालं. आणि पन्नास वर्षं उजवीकडे मी होतो, मी! चपटा झालेला आता माझ्या हलक्या बाजूला घाल, असं एनिड बाकाजवळ कुजबुजली होती. हा तर डावा! तो माणूस याच्यावर बसायला लागून आज तीन आठवडे झालेत!”