राखीव फ्यूजचा सूड

मी फ्यूज बोलतोय. काचेची एवढीशी नळी, आत केसासारखी तार. भलताच प्रवाह आला की आपण जळायचं आणि गाडी वाचवायची, हा आमचा धर्म. लखनौच्या महानगर वस्तीतल्या बाळकृष्णरावांना तो कधी कळला नाही. म्हणून त्यांच्यावर माझा दात होता.

१९७८ साली त्यांनी जुनी मोटार घेतली. साहेब रेल्वेत इंजिनियर, तेव्हा गाडीतलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची ठाम समजूत. बॉनेटखालच्या फ्यूजच्या डबीत, एका कोपऱ्यात मी राखीव होतो; साहेबांना कधी दिसलोच नाही. शेजारी माझा भाऊ कामावर असायचा. हॉर्न आणि ब्रेकचे दिवे त्याच्या जिवावर चालायचे.

एकदा साहेबांनी डिकीत सामानासाठी स्वतः एक फळी बसवली. तेव्हापासून ब्रेक दाबला की अधूनमधून फ्यूज जळू लागला. माझा भाऊ गेला, मग बाजारातून आणलेला दुसरा गेला, तिसराही गेला. "हलका माल!" म्हणत साहेब त्यांना नालीत भिरकावायचे.

त्यांच्या पत्नी सुनीतीबाई अलीगंजच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. स्वतः गाडी चालवत शाळेत जावं, ही त्यांची फार इच्छा. पण त्यांच्या हातून फ्यूज गेला की माल हलका नसायचा.

"तुझा पायच जड! बस हो गया, चावी इकडे दे," साहेब भर रस्त्यात ओरडले. बाईंनी चावी दिली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग साहेबांनी फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार पिळून बसवली. "अब नहीं जाएगा!" खरंच होतं ते. ती तार जळत नाही, गाडी जळते. जळू दे, म्हटलं मी.

आणि घरासमोरच ब्रेक लागला, धूर निघाला. साहेब दार उघडून पळाले. शेजारचे जयसिंग बादली घेऊन धावले, "भाई साहब, हटिए!" मागे बसलेल्या सुनीतीबाई उतरल्या, पदर खोचला आणि बॅटरीची तार हिसडून काढली. साहेबांचा उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटलं. पण तेवढ्यानं माझं समाधान होणार नव्हतं.

रविवारी बाईंनी बॉनेटखालचा जळालेला तारेचा तुकडा बदलला. ब्रेकवर वीट ठेवली, मागचे दिवे काढले आणि फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. दिवे काढूनही बल्ब पेटलेलाच, म्हणजे वाटेत कुठंतरी तार पत्र्याला भिडत होती. बाई तारेच्या मागोमाग डिकीपर्यंत गेल्या. फळीचा स्क्रू काढताच बल्ब विझला. तो स्क्रू थेट तारेत घुसला होता.

स्क्रू त्यांनी साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"अरे यार, एवढासा तर आहे," साहेब पुटपुटले.

बाईंनी तारेवर पट्टी गुंडाळली, दिवे लावले, मला जागेवर बसवलं आणि स्टिअरिंगवर बसल्या. "अहो, मागे उभे राहा. ब्रेकचा दिवा लागतो का सांगा."

"लागला."

"काय?"

"लागला!"

"ऐकू येत नाही हो!"

आजूबाजूचे लोक फाटकाशी येऊन बघू लागले. बाई ब्रेक दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. साहेब घसा फोडून ओरडत होते. दरवेळी माझ्यातून प्रवाह जायचा आणि मला उकळ्या फुटायच्या.

मग बाईंनी गिअर टाकला आणि गाडी निघाली. साहेब मागे धावत होते, "अगं, थांब! चावी!"

आज मीही म्हातारा झालोय. रोज बाईंबरोबर शाळेत जातो. कधी जळालो तर मला खुशाल फेका. फक्त माझ्या जागी तार पिळणारा कुणी भेटला, तर त्याला एकट्यालाच गाडीत बसवा.