चोथ्याची ढेप

माझ्या खालच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा जाड पिवळसर थर चिकटलेला आहे. तो कधीच पुरता निघाला नाही.

मित्रांनो, मी शिरोळजवळच्या एका कारखान्यातला जुना हॉपर आहे. लोखंडी पत्र्याचा, वर रुंद, खाली निमुळता. २००८ साली मला इथे उभे केले. इथे मक्यापासून मद्यार्क काढीत. उरलेला चोथा ड्रायरमध्ये वाळून माझ्यात पडे आणि जनावरांचे खाद्य म्हणून खाली पोत्यांत उतरे. म्हणजे, उतरायला हवा होता.

ड्रायर आकारामकडे होता. पूर्वी तो गुऱ्हाळात गुळव्या होता, गुळाचा पाक ओळखणारा. "गूळ गरमच ओतायचा. गार झाला की काहिलीतच बसतोय," तो म्हणे. म्हणून चोथाही वाफाळता माझ्यात सोडी. चोथा आत बसे. मग मला हातोड्याने ठोकत. मला काही वाटत नसे. पोचे पडले, आणि पोच्यांत माल अधिकच अडकू लागला.

ठोकूनही हलला नाही, की आकारामचा गुऱ्हाळापासूनचा सोबती ज्ञानू कमरेला दोर बांधून, पहार घेऊन आत उतरे.

"मी तुझ्या गुळातला मुंगळा हाय की!"

"मुंगळ्या, बोलत बसू नगंस. पोती खोळंबल्यात."

प्रयोगशाळेतल्या संघप्रियाबाई रोज मालाची उष्णता आणि ओल मोजत. "आकारामदादा, आधी गार करा, मग भरा. गरम मालाची वाफ आतच जिरते. कण चिकटतात."

"बघू की," तो म्हणे. सहा महिने तो बघत होता.

एका दुपारी ज्ञानूच्या पायाखालचा थर खचला. तो छातीपर्यंत रुतला. चौघांनी दोर ओढून त्याला वर काढले. त्याने पाणी मागितले. मुंगळ्याचे नाव कोणी काढले नाही.

दुसऱ्या दिवशी माल पुन्हा अडला. ज्ञानूने दोर कमरेला बांधला. तेवढ्यात बाईंनी आकारामपुढे दोन डबे उपडे केले. दोन्हींत कालचाच माल होता. गार करून भरलेला भुरभुरत पसरला. गरम भरलेला डब्याच्या आकारात उभा राहिला.

आकारामने त्यावर बोट दाबले. "ढेपच की ही."

गुळव्याने ढेप म्हटले, की ती शाबासकी असते; आज नव्हती. त्याने ज्ञानूच्या कमरेच्या दोराकडे पाहिले.

मित्रांनो, यंत्र अडले तर ठोकण्याआधी त्यात काय आणि कसे टाकले ते पाहा. मी पत्रा आहे, मला दुखत नाही. आत माणूस उतरतो.

"ज्ञानू, दोर सोड," आकाराम म्हणाला. "आजचं वरनंच फोडू. आन् हितनं फुडं गार झाल्याबिगर ह्येच्यात माल पडायचा न्हाय."