सान्सुयूच्या बिया

कोरियातल्या आमच्या सान्दोंग गावची बाई ओळखावी ती पुढच्या दातांवरून. सान्सुयूचं लाल फळ कंबरेला नि मूत्रपिंडाला गुणकारी, पण बी पोटात गेली तर उलटं बाधतं. म्हणून फळं जरा सुकली की आम्ही बायका थंडीभर ती दातांत धरून बिया काढायचो. त्यात दात झिजून खाच पडायची. आता यंत्र आलंय, एका दुपारी पोतं रिकामं करतं. शहरातले लोक तर ते झुडूप नुसत्या पिवळ्या फुलांसाठी अंगणात लावतात, फळ चाखतही नाहीत.

मी डोंगरापलीकडून इथं लग्न होऊन आले. बी काढायला शिकवलं ते थोरल्या जाऊबाईंनी, पिल्सुननी. पुढं दोघींचे नवरे गेले, मुलं राजधानीत, सोल शहरात गेली, तरी आमची बैठक मोडली नाही. पन्नास हिवाळे समोरासमोर बसलो आणि कडाकडा भांडलो. गेल्या वर्षी त्यांना विसर पडायला लागला, तसं मुलानं वृद्धाश्रमात ठेवलं. माझं नावही त्यांना आठवेना. पण मी गेले की माझा ओठ वर करून दात बघायच्या आणि म्हणायच्या, "आमचीच आहे गं ही." मला आपलं म्हणणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आणि मी मूर्खानं नवे दात बसवून घेतले. लेक ह्येरान म्हणाली, "आई, नातवाच्या लग्नात फोटोला तोंड झाकून बसणारेस का?" हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे.

लग्न आटोपलं आणि मी जरा सुकलेल्या, बिया न काढलेल्या फळांची पिशवी घेऊन वृद्धाश्रमात गेले. जाऊबाईंनी माझा ओठ वर केला, बघितलं आणि हात मागे घेतला.

"कुठून आलात बाई?"

"अहो, मी गुम्ने. तुमची धाकटी जाऊ."

"काहीतरीच. आमच्या गुम्नेच्या दाताला खाच आहे. तुम्ही शहरातल्या दिसता."

मी घाईघाईनं एक फळ दातांत धरलं. नवे दात गुळगुळीत. फळ निसटून मांडीवर पडलं, बी आतच. मला रडू आवरेना.

जाऊबाईंनी ते फळ उचललं, उरल्यासुरल्या दातांत धरून पिळलं, बी ओंजळीत थुंकली आणि गर माझ्या हातावर ठेवला.

"रडतेस काय? नवी सून दिसतेस. बस समोर. येईल हळूहळू."

पन्नास वर्षांपूर्वी अगदी हेच म्हणाल्या होत्या. तेव्हाही मी सासरच्या घरात कुणाचीच नव्हते. मी समोर बसले आणि दुसरं फळ दातांत धरलं.