चेटकिणीचं तोंड

प्रेमला चेटकीण काही केल्या जमत नव्हती. पुण्याच्या एका प्रकाशकीणबाईंनी लहान मुलांच्या पुस्तकाचं काम दिलं होतं. हसनाबादला घरी बसून टॅब्लेटवर चित्रं काढायची आणि मेलनं धाडायची. जंगल जमलं, राजाचा मुलगा जमला, बोलणारी घोरपड तर अशी जमली की बाईंनी मुद्दाम फोन करून कौतुक केलं. चेटकीण मात्र दरवेळी परत यायची. बाई म्हणायच्या, "अहो, अशा चेटकिणी इंटरनेटवर ढिगानं पडल्यात. तुमची स्वतःची कुठंय?"

आता प्रेमची कामाची एक रीत होती. मनातून तो काही म्हणजे काही काढायचा नाही. आधी माणूस हेरायचा, मोबाइलवर त्याचा फोटो घ्यायचा, तो टॅब्लेटमध्ये तळाशी ठेवायचा, त्यावर कोरा थर चढवून पेननं रेघा मारायचा आणि चित्र झालं की खालचा फोटो पुसून टाकायचा. राजाचा मुलगा म्हणजे राजूरला देवळासमोर नारळ विकणारा आदिनाथ होता. घोरपडीची मानसुद्धा गावातल्या एका पुढाऱ्याची होती. कुणाला पत्ता लागला नाही, कुणाचं काही बिघडलं नाही, त्यामुळं पठ्ठ्या सोकावला होता.

तर असा तो कपाळाला हात लावून बसलेला, आणि समोर ओसरीवर बेबीनंदा आत्या शेंगा फोडत होती. आत्या म्हणजे त्याच्या वडलांची, अप्पाराव मास्तरांची, धाकटी बहीण. प्रेमच्या जन्माआधीपासून याच घरात. प्रेमला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या मागं घास घेऊन पळण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं. समोरचा एक दात ओठाबाहेर, डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली, हनुवटीवर मस. प्रेमनं मान वर करून पाहिलं, आणि अहो, घबाडच सापडलं की.

"आत्या, फोटो काढू का तुझा? पुस्तकासाठी पाह्यजे."

"माझा? थोबाड पाह्यलं का माझं?" आत्या हसली. मग म्हणाली, "थांब मंग, लुगडं बदलून येते."

विहारात नेसायचं पांढरं लुगडं नेसून ती आली, ताठ बसली. "हसू का?"

"न्हाई. रागाव जरा. लेकरायला भेव दाखवतीस तसं कर."

आत्यानं डोळे वटारले, दात विचकले आणि मग स्वतःच पोट धरून हसत सुटली. प्रेमनं भराभर फोटो घेतले.

"गोष्टीत मी कोण व्हय रे?"

प्रेम मोबाइलमधल्या फोटोंकडं बघत म्हणाला, "एक बाई हाय. जंगलात राहती."

"एकटीच?"

"एकटीच."

"बरंय मंग," आत्या म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला बसली.

त्याला खरं सांगता आलं असतं. पण या घरात भूत, करणी, भानामती, चेटूक हे शब्द काढायची सोय नव्हती. एखादा पाहुणा तसलं बोलायला लागला की अप्पाराव त्याला जागच्या जागी गप्प करायचे: आपण बुद्धाची माणसं, असलं माझ्या घरात बोलायचं न्हाई. प्रेमला हे बापाचं मास्तरी खूळ वाटायचं. लेकरांच्या पुस्तकातल्या चेटकिणीवर कशाला व्याख्यान ऐकून घ्या, म्हणून तो गप्प राहिला, झालं.

मग त्यानं ते चित्र काढलं, आणि काय काढलं! दात ओढून हनुवटीपर्यंत आणला, पापणी आणखी खाली लोंबवली, मसेवर राठ केस उगवले. हात असा चालला की चहा गार झाला तरी भान नाही. प्रकाशकीणबाई म्हणाल्या, "ही खरी. ही कुठून आणलीत हो?"

पुस्तक निघालं, आणि एका ऑनलाइन कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, तुमची प्रेरणा काय? आता नुसतं थँक्यू म्हणून गप्प बसावं की नाही? नाही. साहेब फुगले. म्हणाले, "माझी प्रेरणा माझी आत्या. तिच्या चेहऱ्यात मला अख्खा मराठवाडा दिसतो." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्यानं तो व्हिडिओ गावातल्या ग्रुपवरही टाकला.

तिथंच माशी शिंकली. शाळेतल्या वंदनाबाईंनी व्हिडिओ पाहिला आणि घरी आल्या. शाळेसाठी पुस्तकं मागवली आहेत म्हणाल्या, पार्सल मुलांसमोरच उघडू, तेही बेबीनंदाताईंच्या हातून. गावातली बाई पुस्तकात आली, काय थोडी गोष्ट आहे?

प्रेमच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्याची तब्येत बरी न्हाई सध्या," तो म्हणाला.

"मला काय धाड भरली?" मागून आत्या म्हणाली.

प्रकाशकीणबाईंनी पाठवलेल्या प्रती त्यानं पेटीत, गरम कपड्यांच्या खाली दडवल्या होत्या. आत्या रोज विचारायची, "आलं का रे?" तो रोज म्हणायचा, "न्हाई अजून." तिनं गिरणीत सांगितलं, विहारात सांगितलं. मदिना बांगडीवालीनं तर "हमारी बेबी किताब में आई" म्हणत पैसे न घेता तिचे हात काचेच्या बांगड्यांनी भरून दिले. आत्या हात पुढं करून त्या बांगड्या प्रेमला दाखवायची, आणि प्रेम ताट सारून उठायचा. सांगून टाकावं असं रोज सकाळी त्याच्या मनात यायचं. पण लाज ही अशी चीज आहे, आधी केलेल्याची वाटते, मग न सांगितल्याची वाटते, आणि दोन्हींच्या ओझ्यानं माणूस आणखीच गप्प होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्या खुर्चीवर बसली. तेच पांढरं लुगडं, हातभर बांगड्या. तिनं पार्सलची दोरी सोडली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. चौथीतली साक्षी मोठ्यानं वाचायला उभी राहिली. प्रेम मागं लिंबाच्या झाडाला टेकून पुस्तकाची उलटणारी पानं मोजत होता. जंगल गेलं, घोरपड गेली.

साक्षी थांबली. तिनं पानाकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं, पुन्हा पानाकडं पाहिलं. शेजारच्या पोरींनी माना खुपसल्या आणि एकजण खुदकन हसली, "ही तं बेबी आत्या हाय." वंदनाबाईंनी चित्र बघितलं, त्यांचा चेहरा उतरला, त्या पुस्तक मिटायला पुढं झाल्या. पण आत्यानं हात केला आणि पुस्तक मांडीवर घेतलं. बराच वेळ बघितलं. मग परत साक्षीच्या हातात दिलं.

"वाच बाई. थांबलीस काहून?"

साक्षी हळू आवाजात वाचू लागली. "चेटकिणीनं दात विचकले. तेव्हा गावातले लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांनी तिला वेशीबाहेर हाकलून दिलं. मग सगळे सुखानं राहू लागले."

पोरांना काय, गोष्ट संपली की टाळ्या. आत्यानंही वाजवल्या. प्रेमला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

घरी जाताना तो तिच्या मागं मागं चालत होता. "आत्या, चुकलं माझं. मी आत्ताच फोन करतो, पुढच्या खेपंला तोंड बदलायला लावतो."

आत्या चालतच राहिली. गिरणीच्या पुढं रस्ता मोकळा झाला तेव्हा थांबली.

"दादानं सांगितलं का तुला?"

"काय?"

"माझ्या सासरचं. दीर वारला, मंग म्हशी आटल्या, मंग म्हणले ही चेटकीण हाय. काठ्या घेऊनच आल्ते. वेशीबाहेर टाकलं व्हतं मला. दादानं उचलून आणलं, अन् शब्द देल्ता, माझ्या घरात ही गोष्ट कधी निघणार न्हाई. माझ्या लेकरायला बी कळणार न्हाई." तिचा आवाज अगदी साधा होता. "आता म्हतारा झाला तो. गेलं आसंल तोंडातून. मी न्हाई भांडणार त्याला. तू फकस्त सांग, त्यानंच सांगितलं ना?"

बापाचं खूळ काय होतं ते प्रेमला आत्ता कळलं. बापानं इतकी वर्षं पाळलेला शब्द आपल्यापायी खोटा ठरायला नको, निदान इथं तरी खरं बोलावं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"न्हाई आत्या. बिलकुल न्हाई. बाबांनी कधीच काही सांगितलं न्हाई. कुणीच न्हाई सांगितलं. मला ठाऊक असतं तं काढलंच नसतं मी."

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. तिला हे उत्तर नको होतं, हे त्याला बोलून गेल्यावर समजलं.

"मंग नुसतं माझ्या तोंडाकडं पाहून काढलंस?"

प्रेमनं मान खाली घातली.

"मंग त्या लोकायचं तरी काय चुकलं म्हणावं," आत्या म्हणाली, आणि पदर तोंडावर ओढून घराकडं चालू लागली.