त्यांना काय कळतंय!

"कात्री दाखवा," असं वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, तर तीस वर्षं कपडे बेतलेल्या माणसाने बोट ठेवलं लिंबावर. वीस चित्रं झाली, एकाचंही उत्तर धड आलं नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याला सात महिने झाले होते.

"बघितलंत वहिनी?" धाकटा दीर लगेच सरसावला. "दादाचा पार ओंडका झालाय. बाईंचा दाखला मिळाला की दुकान मी बघतो, याला संस्थेत ठेवू. त्याला काय कळतंय!"

हे सगळं त्या माणसाच्या तोंडावर! शिंपीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने हाताला धरून टाका घालायला शिकवलं, त्याचे हे पांग फेडतोय मेला.

"भावजी, जीभ आवरा!"

"थांबा, अजून एक चाचणी आहे," बाई म्हणाल्या.

पडद्यावर एकेक शब्द यायचा. खरा असला तर बटण दाबायचं, नुसती जुळवलेली अक्षरं असली तर नाही. बाईंनी हातावर हात ठेवून चारदा करून दाखवलं. 'ढग' येऊन गेल्यावर 'दोरा' आला, तर बोट रेंगाळायचं. 'सुई'नंतर 'दोरा' आला की झटकन खाली. अशा चाळीस जोड्या झाल्या, आणि दर वेळी तेच.

"विचारलं की अर्थ यांच्या हाती लागत नाही," बाई म्हणाल्या, "पण सुईमागोमाग दोरा चटकन ओळखतात, म्हणजे शब्द आत पोहोचतोय. किती, ते सांगता येणार नाही. काहीच कळत नाही असा दाखला मात्र मी देणार नाही."

दिराचं तोंड एवढंसं झालं.

"ऐकलंत?" शिंपीणबाई कडाडल्या. "सात महिने यांच्यासमोर वाट्टेल ते बरळलात. लाज वाटू द्या!"

तो पाय आपटत निघून गेला. शिंपीणबाई विजयाच्या तोऱ्यात नवऱ्याच्या पायात चप्पल सरकवायला वाकल्या आणि तशाच थबकल्या.

चार दिवसांपूर्वी नवऱ्याचं अंग पुसता पुसता त्या फोनवर बहिणीला म्हणाल्या होत्या, "त्याच दिवशी गेले असते, तर दोघंही सुटलो असतो गं." तेव्हा नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. थंडी वाजत असेल म्हणून शिंपीणबाईंनी वर चादर ओढली होती.

"अहो," त्या म्हणाल्या. हातातली चप्पल त्यांनी खाली ठेवली.